वरचं वारं : प्रस्तावना

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं लावतात. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे मी त्यांच्या बागेत उभा होतो. त्या आठवड्यात हवा दोनदा पालटली होती. आधी आभाळ आलं, रात्रीची थंडी एकाएकी ओसरली, पानं ओलसर राहू लागली आणि मामांनी भुरी-डाऊनी या रोगांच्या धास्तीनं फवारणीची टाकी भरून ठेवली. मग एका दुपारी आभाळ निवळलं, उत्तरेकडून कोरडं, बोचरं वारं सुटलं आणि पारा असा घसरला की बागेत ओळींच्या मधे शेकोट्या पेटवाव्या लागल्या. मण्यांत पाणी उतरू लागलेलं असताना कडाक्याची थंडी पडली की मणी तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला व्यापारी हात लावत नाही. मामा शेकोटीत काटक्या सारत होते. मी म्हटलं, "उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला ना, त्याचा परिणाम आहे." ते म्हणाले, "तो शब्द मी रोज बातम्यांत ऐकतो. तो विक्षोभ येतो कशावर बसून, ते सांग."

त्या पहाटे मी जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. पुरं उत्तर द्यायचं म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

पश्चिमी विक्षोभ म्हणजे भूमध्य समुद्राकडून हिवाळी ढग आणि पाऊस घेऊन येणारी कमी दाबाची प्रणाली. तो येतो एका वाऱ्याच्या पाठीवर बसून. हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावर, जमिनीपासून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक अरुंद आणि जोरकस वारा वाहत असतो. रुंदी काही शे किलोमीटर, जाडी दोन-तीन किलोमीटर, गाभ्यातला वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, आणि कधी कधी त्याहून बराच जास्त. दिल्ली, आग्रा, लखनौ ही शहरं साधारण त्याच्या खाली येतात. खाली धुक्यात झाडाचं पान हलत नसतं, तेव्हाही वर हा वारा चाललेला असतो. याला उपोष्ण कटिबंधीय पश्चिमी जेट प्रवाह म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून या पुस्तकात मी त्याला नुसतं 'उपोष्ण जेट' म्हटलं आहे.

आपण मराठी माणसं हवेचा अंदाज घ्यायला नैऋत्येकडे बघतो. रोहिणी, मृग, आर्द्रा मोजत केरळची बातमी ऐकायची, मग गोव्याची, मग रत्नागिरीची. ते बरोबरच आहे, पाऊस समुद्रातूनच येतो. पण महाराष्ट्राच्या हवेचा हिशेब अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन खात्यांवर पुरा होत नाही. तिसरं खातं उत्तरेला आहे आणि वर आहे. अवकाळी, गारपीट, थंडीची लाट, भर पावसाळ्यात पडणारा खंड, यांच्या नोंदी तपासायला गेलं की पुन्हा पुन्हा त्या तिसऱ्या खात्याची पानं उलटावी लागतात. हे खातं मराठीत नीट उघडलं गेलेलं नाही असं माझं मत आहे, आणि ते उघडणं हा या पुस्तकाचा हेतू आहे.

आधी हा वारा तयार कसा होतो ते पाहू. विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते, उंचावर पोचली की उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे पसरते, तिसाव्या अक्षवृत्ताच्या आसपास खाली उतरते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे येते. या फेऱ्याला हॅडली अभिसरण म्हणतात. आता यात पृथ्वीचं फिरणं मिळवा. विषुववृत्तावरची जमीन, आणि तिच्यासोबतची हवा, ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरते आहे. तिसाव्या अक्षवृत्तावरचं वर्तुळ लहान, म्हणून तिथली जमीन ताशी सुमारे १,४५० किलोमीटरनंच फिरते. वरून उत्तरेकडे निघालेली हवा आपला मूळचा वेग बरोबर घेऊन येते. इतकंच नव्हे, पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ सरकल्यानं तो वेग वाढतो. फुगडीत दोघी हात आखडून जवळ आल्या की गरका वाढतो, तसंच. गणित मांडलं तर तिसाव्या अक्षवृत्तावर पोचलेली हवा जमिनीपेक्षा ताशी ४८० किलोमीटर जास्त वेगानं पूर्वेकडे धावायला हवी. प्रत्यक्षात ती एवढी धावत नाही, कारण वातावरणातल्या मोठ्या लाटा आणि भोवरे तिचा बराचसा संवेग काढून पुढे उत्तरेकडे नेतात. जो उरतो तो उपोष्ण जेट.

म्हणजे ज्या वाऱ्याला आपण 'उत्तरेचा' म्हणतो त्याची ताकद उष्ण कटिबंधातल्या ढगांतून येते. इंडोनेशियाच्या समुद्रावर हिवाळ्यात जे उंच ढग वाढतात, त्यांनी वर फेकलेली हवा या जेटला जोर देते. पॅसिफिकमध्ये एल निनो असला की तिथला पाऊस जागा बदलतो आणि पॅसिफिकवरचा उपोष्ण जेट एरवीपेक्षा जोरकस होऊन विषुववृत्ताकडे सरकतो. उष्ण कटिबंध जेट घडवतो आणि जेट उलटून उष्ण कटिबंधाची हवा घडवतो. हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. तो एका दिशेनं चालतो असं शाळेत शिकल्यासारखं आपल्याला वाटतं, पण तसं नाही.

या वाऱ्याचा शोध कसा लागला ती हकिगत मला फार जवळची वाटते. जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडत आणि दुर्बिणीसारख्या थिओडोलाइटमधून त्यांचा माग काढत. बाराशेहून अधिक फुग्यांच्या नोंदी त्यांनी जमवल्या. हिवाळ्यात ९ किलोमीटर उंचीवर ताशी अडीचशे किलोमीटरांच्या घरातलं पश्चिमेचं वारं त्यांना आढळलं. जपानवर उपोष्ण जेट आणि त्याच्या उत्तरेचा ध्रुवीय जेट एकमेकांजवळ येतात, म्हणून तिथला वारा जगातल्या सर्वांत जोरकस वाऱ्यांपैकी एक असतो. ओइशींना हा शोध साऱ्या जगानं वाचावा असं मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांनी १९२६ साली तो अहवाल एस्परांतो या, सर्व देशांना सामाईक व्हावी म्हणून रचलेल्या भाषेत छापला. जगानं तो वाचला नाही. जगापर्यंत पोचायचं म्हणून निवडलेली भाषा जगाकडे नव्हती. मातृभाषेत विज्ञान लिहू पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विसरता येत नाही. मी मात्र तिच्यातून वेगळा अर्थ घेतो: ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्या भाषेत लिहावं.

जगाची या वाऱ्याशी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी सायपान बेटावरून निघालेली अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर ९ किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून गेली तेव्हा मागून आलेल्या वाऱ्यानं त्यांना असं ढकललं की नेम धरणंच अशक्य झालं. त्याच हिवाळ्यात जपाननं याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले हजारो कागदी फुगे पॅसिफिकपलीकडे सोडले. त्यातल्या एकानं मे १९४५ मध्ये ऑरेगन राज्यात सहलीला गेलेली पाच मुलं आणि एक गरोदर स्त्री मारली. युद्धानंतर शिकागो विद्यापीठात कार्ल-गुस्ताफ रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये या वाऱ्यांची शिस्तशीर मांडणी केली आणि 'जेट स्ट्रीम' हा शब्द रूढ झाला.

भारतात या अभ्यासाची पायाभरणी आग्र्यात झाली. १९१४ पासून तिथे वरच्या हवेचं निरीक्षण सुरू झालं. आग्रा सत्ताविसाव्या अक्षवृत्तावर आहे, म्हणजे हिवाळी जेटच्या अगदी खाली. निरभ्र थंडीत तिथून सोडलेला फुगा आधी सरळ चढताना दिसतो, मग पूर्वेकडे कलतो आणि पाहता पाहता क्षितिजाकडे निघून जातो. थिओडोलाइटची नळी खाली खाली येते, आणि फुगा फुटलेला नसतानाही डोळ्यांना हरवतो. ढगाळ दिवशी तर तो पहिल्या ढगातच दिसेनासा होई. म्हणून पावसाळ्यातल्या वरच्या वाऱ्यांबद्दल फार काळ तुटपुंजी माहिती होती. १९४० च्या दशकात फुग्याखाली रेडिओ प्रक्षेपक बांधून वरची हवा मोजायला सुरुवात झाली आणि पुढे रडारची जोड मिळाली, तेव्हा हा अडसर दूर झाला.

आणि पुणं. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून रोज हजारो लोक जातात. हे नाव पडलं कारण १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. १९६२ मध्ये पुण्यातच उष्ण कटिबंधाच्या हवामानासाठी वेगळी संस्था सुरू झाली. पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक. तीच आज पाषाणला आयआयटीएम म्हणून ओळखली जाते. पिशारोटी आणि देसाई यांनी १९५६ मध्ये पश्चिमी विक्षोभांवर लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. त्याच वर्षी सी. रामस्वामी यांनी उन्हाळ्यातल्या गडगडाटी पावसाशी उपोष्ण जेटचा संबंध जोडून दाखवला. १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम यांनी पावसाळ्यात दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या दुसऱ्या जेटचं चित्र जगापुढे ठेवलं. आणि १९६१ मध्ये टी. एन. कृष्णमूर्ती यांनी दाखवलं की हिवाळ्यातला उपोष्ण जेट पृथ्वीभोवती सरळ पट्ट्यासारखा नसून त्याला तीन मोठी वळणं असतात. पाचच वर्षांत एवढं काम झालं, आणि ते करणारी माणसं फुगे, कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेली होती. शाळेच्या पुस्तकांत यांतलं एकही नाव मला भेटलं नव्हतं. ही उणीव मला खुपते, म्हणून या पुस्तकात त्यांच्या कामाला जागा जास्त दिली आहे.

आता या वाऱ्याचा आपल्या पावसाशी संबंध कुठे येतो? पहिला संबंध मान्सूनच्या आगमनाशी. हिवाळ्यात तिबेटचं पठार या वाऱ्याच्या वाटेत उभं असतं. सरासरी साडेचार किलोमीटरांहून उंच असलेल्या त्या पठाराला वळसा घालताना वारा दुभंगतो. एक फाटा हिमालयाच्या दक्षिणेनं, आपल्या गंगेच्या मैदानावरून जातो, दुसरा पठाराच्या उत्तरेनं. दक्षिणेचा फाटा जोवर जागेवर आहे तोवर उत्तर भारताच्या वरच्या हवेत पश्चिमेचं राज्य असतं आणि मान्सूनला लागणारी मांडणी वर उभी राहू शकत नाही. मे महिन्यात पठार तापतं. त्याच्यावरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षाही उबदार होते. वरच्या वाऱ्याची दिशा तापमानाच्या उतारावर ठरते. दक्षिणेला ऊब आणि उत्तरेला गारवा असेल तर वर पश्चिमेचं वारं वाढतं, उतार उलटला की पूर्वेचं. म्हणून मेच्या अखेरीस, जूनच्या आरंभी हिमालयाच्या दक्षिणेचा फाटा क्षीण होऊन नाहीसा होतो आणि जेट पठाराच्या उत्तरेला, चाळिसाव्या अक्षवृत्ताकडे निघून जातो. १९४९ मध्ये यिन यांनी भारत आणि ब्रह्मदेशावरच्या मान्सूनच्या आगमनाशी या स्थलांतराचा संबंध जोडला. चिनी शास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं की जूनमधला आणि ऑक्टोबरमधला हा बदल हळूहळू होत नाही, काही दिवसांत उरकतो.

जेट हटला म्हणून मान्सून आला की मान्सूनची मांडणी उभी राहिली म्हणून जेट हटला, असा प्रश्न मला व्याख्यानांत हमखास विचारला जातो. माझं उत्तर असं की ही एकाच घडामोडीची दोन अंगं आहेत. जमीन तापणं, तिबेटवर वरच्या हवेत प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाचं अभिसरण, बसणं, जेटचं उत्तरेला जाणं, दक्षिणेत पूर्वेच्या जेटचं उभं राहणं आणि खाली समुद्रावरून ओल येणं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. यातलं एकच कारण आणि बाकीची कार्यं असं सांगणारा माणूस सोपं सांगतो, पण खरं सांगत नाही.

हे स्थलांतर डोळ्यांनी पाहायचं असेल तर एव्हरेस्टकडे बघावं. ८,८४९ मीटर उंचीचं ते शिखर हिवाळ्यात या वाऱ्याच्या तडाख्यात असतं. शिखरावरून पूर्वेकडे फरफटत गेलेला ढगाचा आणि हिमकणांचा पिसारा आपण छायाचित्रांत पाहिलेला असतो. गिर्यारोहक तळावर महिना-दीड महिना थांबतात ते मुख्यतः हा वारा शिखरावरून उत्तरेला सरकण्याची वाट बघत. तो सरकतो आणि मान्सूनचा बर्फ पडायला लागतो, या दोहोंच्या मधे मे महिन्याच्या उत्तरार्धात थोडे दिवस मिळतात. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले ते त्याच दिवसांत. तिकडे चढाईचे दिवस आले की इकडे केरळात मान्सून फार दूर नसतो. १ जून ही तिथली त्याची सरासरी तारीख.

दुसरा संबंध पावसातल्या खंडाशी. जुलै-ऑगस्टात जेट उत्तरेला गेलेला असतो, पण कायमचा दूर राहत नाही. त्याला लाट पडते, तिचं एखादं वळण दक्षिणेकडे खोल उतरून काश्मीर-हिमाचलपर्यंत येतं. अशा वेळी मान्सूनचा आस, म्हणजे त्याचा कमी दाबाचा पट्टा, मैदान सोडून हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. पर्वतात धो धो पाऊस आणि मध्य भारत कोरडा, अशी स्थिती होते. रामस्वामींनी १९६२ मध्ये खंडाचा अर्थ पूर्वेचा जेट आणि पश्चिमेचा उपोष्ण जेट यांच्यातल्या परस्परक्रियेतून लावला होता. ऑगस्ट २०२३ आठवा. देशाच्या पातळीवर १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मराठवाड्यात सोयाबीनला शेंगा धरायच्या वेळी जमिनीला भेगा पडलेल्या मी पाहिल्या. त्याच महिन्यात १४ तारखेला सिमल्यात डोंगर खचून देवळात जमलेली माणसं गाडली गेली. एल निनो होता, इतरही कारणं होती. पण लातूरचा शेतकरी आणि सिमल्याचा रहिवासी यांची संकटं एकाच मांडणीची दोन टोकं होती, हे कोणी त्या दिवसांत मराठीत सांगितलेलं मला आढळलं नाही. जून २०१३ मधल्या केदारनाथच्या आपत्तीतही लवकर पोचलेला मान्सून आणि दक्षिणेकडे उतरलेलं पश्चिमेचं वळण एकमेकांना भेटले होते.

तिसरा संबंध गारपिटीचा, आणि इथे मी या पुस्तकात सर्वांत जास्त रेंगाळलो आहे. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिक, सोलापूर, सगळीकडे. काढणीला आलेला गहू, हरभरा, रब्बी ज्वारी, कांदा, द्राक्षं, डाळिंबं. शेतं पांढरी झाली होती, झाडांखाली पक्ष्यांचा खच पडला होता. एक-दोन तासांच्या वळवाच्या गारा नव्हत्या त्या, पंधरवडाभर चाललेलं ते संकट होतं.

असं का झालं? पश्चिमेच्या वाऱ्यातलं वळण एरवीपेक्षा फार दक्षिणेला, थेट महाराष्ट्रापर्यंत उतरलं आणि तिथे रेंगाळलं. खाली बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली ओल जमा झालेली होती. जेट सगळीकडे सारख्या वेगाचा नसतो. त्यात वेगाच्या गाठी असतात. गाठीच्या काही बाजूंना वरची हवा फाकते आणि ती जागा भरायला खालची हवा वर ओढली जाते. धुराड्याच्या तोंडावरून वारा वाहिला की चुलीतला धूर जोरानं वर खेचला जातो, तशीच ही ओढ. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये ढगातली गोठणपातळी पावसाळ्यातल्यापेक्षा खाली असते. पावसाळ्यात ती ५ किलोमीटरांच्या वर असल्यानं गार पडता पडता वितळते. मार्चमध्ये ती वितळायच्या आत द्राक्षाच्या वेलीवर येऊन आदळते.

यात आणखी एक बारकावा आहे, तो मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. जमिनीलगत मंद वारा आणि वर जोरकस वारा अशी तफावत असली की वाढणारा ढग तिरपा होतो. पावसाळी ढग सरळ उभा असतो. त्याचा पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर पडतो आणि तासाभरात त्याचा श्वास कोंडतो. तिरप्या ढगात चढणारी हवा एका बाजूनं आणि पडणारा पाऊस दुसऱ्या बाजूनं, म्हणून तो तासन् तास जगतो आणि गारेला वाढायला सवड मिळते. आणि हीच तफावत चक्रीवादळाला मात्र मारक ठरते. चक्रीवादळाचं इंजिन उभं असावं लागतं. वरचं वारं त्याचा माथा एकीकडे ढकलतं आणि पाया दुसरीकडे राहतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ कन्याकुमारी आणि लक्षद्वीपला झोडपून अरबी समुद्रातून गुजरातकडे निघालं होतं. वर येता येता त्याला थंड समुद्र, कोरडी हवा आणि वरच्या वाऱ्याची ही तफावत भेटली, आणि किनारा गाठेपर्यंत त्याचा जोर ओसरला. मुंबईनं ऐन डिसेंबरात पाऊस अनुभवला, पण वादळ अनुभवलं नाही. एकच वारा एका ढगाला पोसतो आणि दुसऱ्याला मोडतो.

मामांच्या प्रश्नाचं उत्तरही आता पुरं करतो. भूमध्य समुद्राकडून निघालेला विक्षोभ जेटच्या वाटेनं इराण, अफगाणिस्तान करत काश्मिरात पोचतो. त्याच्या पुढ्यात दक्षिणेकडचं दमट वारं खेचलं जातं, म्हणून निफाडला आभाळ येतं आणि रात्र उबदार होते. तो पूर्वेला निघून गेला की त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, थंड हवा राजस्थान-माळव्यावरून खाली उतरते, आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नीचांकी पाऱ्याचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. फवारणीची टाकी आणि शेकोटी ही एकाच पाहुण्याच्या येण्याची आणि जाण्याची तयारी होती.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. जेट प्रवाह हा शब्द अलीकडे वृत्तवाहिन्यांवर सर्रास येतो आणि प्रत्येक आडमुठ्या पावसाला तो चिकटवला जातो. तसं करू नये. वळवाचा प्रत्येक पाऊस जेटमुळे पडत नाही. स्थानिक ऊन, ओल आणि डोंगर एवढ्यानंही तो पडतो. सोमालियाकडून येणारा, दीड किलोमीटर उंचीवरचा जो वारा मान्सूनची वाफ आणतो, त्यालाही जेट म्हणतात, पण त्याचा आणि उपोष्ण जेटचा घोटाळा करणं म्हणजे कालवा आणि नदी एकच समजणं. उपोष्ण जेट, पावसाळ्यातला पूर्वेचा जेट आणि हा सोमालियाकडचा, या तिन्ही जेटची ओळख दुसऱ्या प्रकरणात वेगवेगळी करून दिली आहे. तेवढं प्रकरण घाई न करता वाचावं.

हवामान बदलाविषयी जेवढं खात्रीनं सांगता येतं तेवढंच मी सांगितलं आहे. १९८० च्या दशकापासून हॅडली अभिसरणाचा पसारा रुंदावल्याचं निरीक्षणांत दिसतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात असं आढळलं की उपोष्ण जेट उत्तरेला जायला आता पूर्वीपेक्षा उशीर करतो, त्यामुळे पश्चिमी विक्षोभांचा हंगाम लांबतो आहे आणि ते मे, जून, जुलैतही येऊ लागले आहेत. ज्या महिन्यांत मान्सूनची ओल हजर असते त्याच महिन्यांत हे पाहुणे आले तर हिमालयाच्या कुशीत काय होऊ शकतं ते २०१३ नं दाखवलं आहे. महाराष्ट्रापुरता याचा अर्थ काय, यावर पुष्कळ काम व्हायचं आहे, आणि ते आपल्या विद्यापीठांतल्या मुलामुलींनी करावं अशी माझी तळमळ आहे. लागणारी निरीक्षणं इथलीच आहेत. सांताक्रूझ आणि नागपूरहून रोज पहाटे आणि संध्याकाळी फुगा वर जातो आणि त्यानं मोजलेलं वारं कोणालाही पाहता येतं.

पुस्तक कुठूनही वाचायला हरकत नाही. बागाईतदारांनी गारपिटीचं प्रकरण आधी वाचावं, शिक्षकांनी पहिली दोन. गणित परिशिष्टात ठेवलं आहे, ते वगळलं तरी धागा तुटत नाही. नकाशे २०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचे आहेत, म्हणजे ढोबळमानानं १२ किलोमीटर उंचीवरचे. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर तोच नकाशा रोज निघतो. पुस्तकातला एक नकाशा आणि त्या दिवशीचा ताजा नकाशा शेजारी ठेवून पाहिला तर अर्धं पुस्तक आपोआप समजेल.

मामांचे आभार मानले तर त्यांना ते आवडणार नाही. पण डिसेंबर ते मार्च रोज पहाटेचा पारा आणि आभाळ यांची वही त्यांनी अकरा वर्षं लिहिली आणि ती माझ्या हाती दिली, एवढं इथे नोंदवतो.

वाचकांकडे एक मागणं आहे. हिवाळ्यात कधी पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग नैऋत्येकडून ईशान्येकडे लांब पट्ट्यांत पसरलेले दिसतात, आणि रात्री चंद्राला खळं पडतं. ते खळं वरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे पडतं, आणि असे पट्टे पुष्कळदा याच वाऱ्यानं ओढून आणलेले असतात. खळं पडलं की पाऊस येतो, असं आपल्या आज्या सांगत. ते किती वेळा खरं ठरतं याची मोजणी करायची आहे. खळं दिसलं तर गाव, तारीख, वेळ लिहून ठेवा, पुढचे तीन दिवस आभाळ काय करतं तेही लिहा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या कोणाही प्राध्यापकाकडे हिवाळा संपला की ती वही नेऊन द्या.